फेंगडूचं कुलूप

कार्टूनच्या स्टुडिओत त्यांना सगळे आरसेकाका म्हणत. टेबलावर कायम एक छोटा आरसा, आणि त्यात बघून दिवसभर तोंडं वेंगाडायची, हीच त्यांची नोकरी. आधी तोंड आपण करायचं, मग तेच कागदावर सशाला नाहीतर कोल्ह्याला चिकटवायचं. नवखा माणूस दारातूनच परत फिरायचा.

फेंगडू अस्वल गाजलं ते काकांच्या एका चुकीमुळे. तेव्हा हिरो होता ससा. फेंगडूनं फक्त घरातून निघून सशाच्या मागून पडद्याबाहेर चालत जायचं होतं. पण काकांनी पावलांच्या हिशेबात घोळ घातला. अस्वल कडेला पोचलं, आणि संगीत आपलं वाजतंच आहे! उरलेलं संगीत भरायचं कशानं? आरशात बघून काही सुचेना. तेव्हा काकांना घरचं दार आठवलं. काकू कुठंही निघाल्या की कोपऱ्यापर्यंत जायच्या, थबकायच्या, लगबगीनं परत येऊन कुलूप ओढून बघायच्या, आणि त्याला एक चापटी मारून मगच निघायच्या. काकांनी अस्वलाला परत फिरवलं. चापटीसकट.

थिएटर हसून लोळलं. ससा बिचारा बाजूला पडला आणि फेंगडूची गाडी सुसाट सुटली. पुढे तो चोर पकडायला गेला, बोटीवर गेला, चंद्रावरही जाऊन आला. पण कुलूप ओढल्याशिवाय कधी निघाला नाही. काकूही पोट धरून हसायच्या. "काय बाई ते खुळं अस्वल!" ज्या बाईला 'छान दिसतेस' म्हणायचं कधी धाडस झालं नाही, तिला 'ते अस्वल म्हणजे तू' हे काका कोणत्या तोंडानं सांगणार?

मग नवे साहेब आले. काकांची निवृत्ती तोंडावर, फेंगडूचा हा त्यांच्या हातचा शेवटचा सिनेमा.

"काका, ते कुलूप काढा. लोकांना हल्ली दम निघत नाही."

काकांनी मान डोलावली, कुलूप काढलं, आणि त्या दिवशी डबा भरलेलाच घरी आणला.

सिनेमा आधी स्टुडिओतल्यांच्या घरच्या माणसांना दाखवायची पद्धत होती. अंधारात फेंगडू घराबाहेर पडला आणि सरळ चालू लागला. तोच काकूंचा खणखणीत आवाज आला, "अहो, कुलूप कोण बघणार?"

सगळा हॉल हसला. पोरं ओरडायला लागली, "कुलूप! कुलूप!"

काकू काकांच्या कानाशी वाकल्या. "माझं काही चुकलं का हो? इतकी वर्षं सिनेमात घेतलंत, आता शेवटीच का काढलंत?"

"तुला ठाऊक होतं?"

"तशी चापटी दुसरं कोण मारतं? मुद्दाम हसायचे मी. नाहीतर लाजून बंद केलं असतंत तुम्ही."

दिवे लागल्यावर साहेब पुढच्या रांगेतून वळले. "घाला बुवा ते परत. माझीच मुलगी ऐकेना."

दुसऱ्या दिवशी काका कागद घेऊन घरीच बसले. आरसा आणलाच नाही. "जा, निघ बघू घरातून. आजवर चोरून बघितलं, आज समोरून बघू दे."

काकू कोपऱ्यापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि कुलपाला हात लावता लावता थांबल्या. "केस जरा नीट करू?"

"अगं, अस्वल आहे ते!"

"असेना. शेवटचा सिनेमा आहे ना त्याचा?"

त्या सिनेमात फेंगडू परत येतो, कुलूप ओढतो, आणि चापटी मारायच्या आधी कपाळावरचे केस मागे सारतो. तेवढं संगीत जास्तीचं लागलं. या वेळी ते काकांनी मुद्दाम मागून घेतलं.