सॉफ्टबॉक्स बांधून होईतो

वारूळवाडीत जालिंदरचा फोटो स्टुडिओ होता. लग्नात तो कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश मारायचा. माणसं पिठात बुडवल्यासारखी पांढरी यायची, मागच्या भिंतीवर काळी सावली पडायची.

त्याचे वडील जानकूआबा अजून मेंढरांमागे फिरत. त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता. "पागोट्यात एक काढ की रं," ते दर वर्षी म्हणत. त्या रापलेल्या चेहऱ्यावर असला उजेड मारायला जालिंदरचा हात धजत नसे.

१९९९च्या दिवाळीआधी आबांच्या फोटोसाठी म्हणून तो पुण्याला गेला. फ्लॅश बाजूला स्टँडवर लावायचा हे नक्की होतं. त्याचा उजेड मऊ करायला काय घ्यावं, यात दोन तास गेले. फ्लॅशपुढे लावायची छत्री हलकी, क्षणात उघडणारी. पण माळावर उजेड चहूकडे सांडणार. सॉफ्टबॉक्स म्हणजे काड्यांवर ताणून बसवायचा कापडी खोका. वेळखाऊ, पण उजेड हवा तिथंच पाडणारा. त्यानं सॉफ्टबॉक्स घेतला.

दिवाळीनंतर निमगाव सावाजवळ एका रानात आबांची मेंढरं बसली होती. जालिंदर बायकोला, नंदाला घेऊन सकाळीच पोचला. सॉफ्टबॉक्सची चौथी काडी काही केल्या खाचेत बसेना.

"आमच्या पालाला यवढ्या काठ्या लागत न्हाईत," आबा म्हणाले. "फोटू काढतोय का बिऱ्हाड थाटतोय?"

"आबा, दोनच मिनिटं."

"मामंजी, तवर पागोटं तरी नीट बांधा," नंदा हसली.

आबा पागोटं बांधत असतानाच मेंढरं शेजारच्या कांद्यात शिरली. शेतकरी ओरडत आला. आबा हात जोडत धावले, आणि कळप घेऊन तिथूनच वाटेला लागले.

"आबा, साधा तरी काढू द्या!"

"ऱ्हाऊ दे. माघारी येताना काढू."

फाल्गुनात वाटेवरच आबा गेले. दहाव्याला जालिंदरनं एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा मोठा करून आणला. पांढराफटक, डोळे मिटलेले.

त्याच्या आईनं, बाळाबाईनं, तो पालथा ठेवला. "ह्यो नगं लावू," म्हणाली.

निमगावचा तो रोल त्यानं नंतर धुतला. आबा कळप घेऊन निघून गेल्यावर चौथी काडी बसली होती, आणि उजेड तपासायला आबांच्या जागी नंदाला उभं करून त्यानं दोन फोटो घेतले होते. गालावर उजेड मऊ पडला होता, डोळे स्पष्ट होते, मागे सावली नव्हती. दोन्ही फोटो उत्तम आले होते.