महिपतीमामांची शेवटची फिल्म

बारवी धरणाकडे जाताना अर्ध्या वाटेवर महिपतीमामा खालीच बसले. लाकडी कॅमेरा त्यांच्या पाठीवर होता, तिपाई माझ्या खांद्यावर. त्यांचं गाव धरणात गेलं. उरला तो गावामागचा डोंगर, तोही आता खडीसाठी फोडतात. चाळीस वर्षं मामा त्याचेच फोटो काढत आले, एका वेळी वहीच्या पानाएवढी एकच फिल्म लावून.

"मोबाईलवर काढू का मी?"

"काढ. आणि उद्या डिलीट कर," मामा हसले.

ही फिल्म मिट्ट काळोखात चौकटीत भरतात. कोपऱ्यातली खाच बोटाला लागली की सुलटी बाजू कळते. डायबिटीसने मामांची बोटं बधिर झालीत. मागच्या सगळ्या फिल्म उलट्या भरल्या गेल्या, डोंगर उमटलाच नाही. आता एकच उरली होती, तीही मामांनीच भरलेली.

"हीपण उलटीच असंल, बाय. डोंगर गेला, आता हातबी गेले."

देवाचं नाव घेत मी डोळे मिटून जपमाळेचे मणी ओढू लागले.

मामांनी उजेड आत न शिरणारी काळी पिशवी काढली, फिल्मची चौकट आत सरकवली आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"डोळे मिटून जपाचा मणी चुकत नाही तुझा. हात घाल आत. उलटी असंल तर सुलटी कर."