दात मोडला म्हणून अख्खी पेटी घेणार नाही

"सुटं मिळत नसतंय, ताई. अख्खी पेटी घ्यावी लागतीय. तीबी मागवायची, दहा-बारा दिवस जातेत."

"तवर रानातली ओल थांबणार हाय का?"

"ते कंपनीला विचारा."

परभणीतल्या त्या दुकानात माझं डोकं फिरलं. माझी आत्या पोखर्णीत ट्रॅक्टरनं लोकांची पेरणी करून देते. ऐन हरभऱ्याच्या पेरणीत तिच्या पेरणीयंत्राचं, बी सोडणारा रूळ फिरवणारं, तळहाताएवढं प्लॅस्टिकचं दातेरी चाक मोडलं. दोन दात गेले, बस्स. विकताना यंत्र आमचं आणि मोडलं की कंपनीचं? हेच तर मी वर्षभर पत्रकांतून लिहीत आले होते. आता ते करून दाखवायची वेळ होती.

आपलं यंत्र आपणच दुरुस्त करू द्या म्हणणाऱ्या आमच्या गटाकडे थ्रीडी प्रिंटर आहे, प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर देणारा. मोबाइलच्या किमतीत आलेला. त्यावर छापलेलं चाक बसवलं, अर्ध्या एकरात दातांचे थर सुटले. मग एका दंतवैद्याच्या लॅबमधल्या मैत्रिणीनं रेझिनचं, म्हणजे उजेडानं कडक होणाऱ्या पातळ राळेचं, काढून दिलं. दिसायला काय देखणं! ट्रॅक्टर हलला आणि बांगडीसारखं फुटलं.

"बाई, तुझं चाक दाखवायलाच बरं," आत्या म्हणाली.

शेवटी एक जण सापडली. पुण्यातली नोकरी सोडून परभणीला परतलेली. तिच्याकडे टेबलावर मावणारं लेझरचं यंत्र होतं. लेझर नायलॉनच्या भुकटीवर फिरतं आणि कणाला कण चिकटवतं. छापताना खालून टेकू द्यावे लागत नाहीत, उरलेली भुकटीच वस्तूला धरून ठेवते. कारखान्यातल्या अशा यंत्राच्या पैशांत बंगला उठेल, हे मात्र आत्याच्या ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त. तरी लोक तिला विचारायचे, "खेळणी करता का?"

तिनं बजावलं होतं, "छापून झालं तरी काढायचं नाही. भुकटीतच उद्या दुपारपर्यंत निवू द्यायचं."

आणि मी? गावाच्या ग्रुपवर आधीच टाकून बसले होते: आज संध्याकाळी चाक येणार. ती जेवायला घरी गेली तेवढ्यात मी भुकटीची ढेप फोडली. गरम चाक हातातच पापडासारखं वाकडं झालं. ती परत आली, बघितलं, आणि नवी भुकटी चाळायला बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आत्यानं मात्र सोडलं नाही. "इरजण लागायच्या आधी भांडं हलवलंस व्हय गं? भाषणाची घाई हितं न्हाई चालत."

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः त्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसली. मला हात लावू दिला नाही. दुपार कलल्यावर चाक निघालं, खरबरीत, पांढरं, साधं. बसलं. फिरलं. तिसऱ्या दिवशी शेवटचं रान पेरताना तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"ओल हाय अजून," ती म्हणाली, आणि गिअर टाकला.

मी चाकाची सगळी मापं पत्रकाच्या मागं छापली. खाली ठळक लिहिलं: निवल्याशिवाय काढू नका. आणि त्याच दुकानासमोर वाटायला उभी राहिले.

"ताई, हितंच कशाला?" दुकानदार बाहेर आला.

"ज्याचं मोडतंय तो हितंच येतोय म्हणून. घ्या, तुमालाबी एक."