सागाचा दरवाजा, कुडाची भिंत

रुखमाबाईचा नवरा लटारू तसा भला माणूस. कष्टाळू, निर्व्यसनी, बायकोवर कधी हात न उगारणारा. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि लटारू तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला, त्याला काय म्हणायचं!

सावली नावाच्या बाजारगावाजवळच्या त्या खेड्यात तेव्हा, म्हणजे चोपन्न-पंचावन्न साली, दाराला कुलूप कुणी पाहिलं नव्हतं. घराला बांबूची ताटी. शेतावर जाताना ती ओढायची आणि दारात एक बांबूची काटी आडवी ठेवायची. काटी आडवी म्हणजे घरात कुणी नाही. मग सख्खा भाऊ आला तरी अंगणातच बसून राहायचा. एवढाच गावाचा बंदोबस्त, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पुरला.

त्या वर्षी दिवाळीनंतर सगळं गाव मंडईच्या जत्रेला गेलं. परत येऊन पाहतात तर लटारूच्या ढोलीतलं, म्हणजे बांबूच्या कणगीतलं, बियाण्याचं धान गायब. कुणी नेलं ते आजवर कळलं नाही. पण लटारूच्या मनानं चोर धरून टाकला होता : शेजारची मंगली. का, तर एकटी बाई, गरीब, आणि रोज सकाळी कुंपणाच्या खिंडारातून चुलीसाठी इस्तो, पेटता निखारा, न्यायला यायची. ढोली कुठं आहे हे तिला ठाऊक. झालं, एवढ्यावर निकाल!

रुखमाबाईला हे पटेना. तिचं माहेर लांब अहेरीकडं. या गावात मन मोकळं करायला तिला मंगलीच होती.

"तिनं नेलं असतं तं तिच्या चुलीवर भात दिसला असता," ती नवऱ्याला म्हणाली. "आंबील पिऊन राह्यली ती बिचारी."

लटारू ऐकेल तर शपथ. त्यानं वडशाहून कुलूप आणलं, सुताराकडून सागाचा जाडजूड दरवाजा करून घेतला, खिंडार बोराटीच्या काट्यांनी बुजवलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. भिंत मात्र तीच, कुडाची. बांबूच्या कांब्या आणि वरून शेणमातीचं लिंपण. गाव पोट धरून हसलं. मंगली हसली नाही. खिंडार काऊन बुजवलं, हेही तिनं विचारलं नाही. ती गावाच्या दुसऱ्या टोकाहून इस्तो आणू लागली. रुखमाबाईनं त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं भाजीत मीठ घालावं तसं चिमटीचिमटीनं केलं.

पूस महिन्याच्या थंडीत रुखमाबाईला हिवताप भरला. लटारूनं तिच्यावर दोन वाकळी घातल्या, उशाशी घमेल्यात निखारे ठेवले आणि औषधासाठी सावलीला निघाला. हातात कुलूप होतंच.

"कुलूप काऊन लावता? मी तं घरातच हाओ."

"म्हणूनच लावतो. कोनी घुसलं तं तुले उठता तरी येईल का?"

दुपारी ग्लानीत वाकळीचं टोक निखाऱ्यात गेलं आणि कोपऱ्यातल्या धानाच्या तणसानं पेट घेतला. रुखमाबाई सरपटत दारापर्यंत आली, फळ्यांवर मुठी आपटल्या. साग तो, कसला हलतोय! आता संपलं, असं तिला वाटलं. तिनं हाक मारली ती देवाला नाही, मंगलीला.

मंगली आली ती थेट बोराटीतून. कुऱ्हाडीनं कूड फोडून तिनं रुखमाबाईला बाहेर ओढलं. मागून धावत आलेल्या माणसांनी पाणी मारून आग विझवली.

संध्याकाळी लटारू औषधाची बाटली घेऊन परतला. दरवाजा शाबूत, कुलूप शाबूत. बाजूच्या भिंतीला बैल जाईल एवढं भगदाड, आणि अंगणात बाजेवर काजळीनं माखलेली बायको.

"मीच कोंडलं तुले," तो म्हणाला.

"हो," रुखमाबाई म्हणाली. तिला त्याची दया आली, पण खोटं बोलवेना. "कोनी घुसलं तं काय करशील म्हणत होते ना? घुसली कोनीतरी, म्हणून वाचलो मी."

सकाळी चूल ओली, थंडगार. पेज करायला इस्तो नव्हता. "तुमीच जा," रुखमाबाईनं खापरी त्याच्या हातात दिली. लटारू मान खाली घालून मंगलीच्या दारी गेला. दारात काटी आडवी होती. तो अंगणात बसून राहिला. उन्हं वर आली तेव्हा मंगली डोक्यावर मोळी घेऊन आली. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे होते.

"मंगली, मी तुयावर..." तो उठून उभा राहिला.

मंगलीनं मोळी खाली टाकली. "इस्तोच पायजे होता तं काटी सरकवून नेयचा होता, भाऊ. बसून काऊन राह्यले?"

बियाणं गेलं तेव्हा लटारू रडला नव्हता. आता मात्र त्याला आवरेना. पुढे त्या भगदाडाला त्यानं ताटी लावली, मंगलीच्या अंगणाकडं उघडणारी. घरातली माणसं त्याच वाटेनं ये-जा करू लागली, आणि सागाचा दरवाजा बंदच राहिला.