नाताळची सलामी

माझ्या नवऱ्याला राग येत नाही. असं म्हटलं की लोक तोंडावर हसतात. हसू देत! आमच्या घरात राग माझ्या नाकावर असतो. मी शाळेत गणित शिकवते आणि पोरं माझ्या माघारी मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. आकाराम मात्र म्हशीसारखा शांत. सातव्या वर्षी बापानं त्याला पेठेतल्या तालमीत टाकला, तेव्हापासून डोक्याच्या आधी त्याचं अंग चालतं, एवढीच काय ती खोड. आमचं लव्ह मॅरेज, त्यामुळं मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते आजही खुपतं.

गेल्या पावसाळ्यात पेठ वडगावच्या बाजारात कुणीतरी मागनं त्याची कॉलर धरली. यानं वळायच्या आधीच त्याला डोक्यावरनं फेकला. माणसाच्या तीन बरगड्या मोडल्या. आकाराम एकोणीस दिवस कळंब्याच्या जेलात होता. जामीन झाला तेव्हा वकील म्हणाले, "पैलवान, आता कुणाला बोट जरी लावलंसा तरी जामीन गेला म्हणून समजा. निकाल लागंपातूर आत."

मग मीच ठरवलं, नाताळच्या सुट्टीला जोडून रजा काढायची आणि याला कोल्हापुरातनं लांब न्यायचा. इथं जो तो पाठीत थाप मारून विचारणार, "काय पैलवान, आता कुणाला उताणा केला?" कोर्टाची परवानगी काढली, पाठीवर दोन सॅक टाकल्या आणि अंदमान गाठलं. एका बेटावरनं दुसऱ्या बेटावर, मिळेल त्या बोटीनं. शंभर किलोचा गडी बोटीत बसला की लेकरासारखा ओकायचा. पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी शप्पत संयोगिता, हात उचलणार न्हाय." आठ दिवस खरंच बरे गेले. मी लग्नानंतर एवढी कधी हसले नव्हते.

नाताळला आम्ही एका लहानशा बेटावर सिल्वेस्टर नावाच्या गृहस्थाच्या घरी उतरलो होतो. त्याचे आजोबा रांचीकडनं तिथं आलेले. सकाळी त्यांच्याबरोबर चर्चला गेलो, दुपारी पोटभर मासे-भात झाला, मग सगळी मंडळी किनाऱ्यावर नाचायला आली. ढोल वाजत होता. नाचता नाचता एकमेकांच्या अंगावर वाळू फेकायची, ही त्यांची मजा. सिल्वेस्टरचा भाऊ पत्रस हसत आला आणि मूठभर ओली वाळू त्यानं आकारामच्या उघड्या पाठीवर मारली.

आता हे त्या बिचाऱ्याला कुठनं माहीत असणार? आमच्याकडं आखाड्यात अंगावर माती टाकली म्हणजे, चल, हो उभा. आकारामचं तोंड असं फुललं, की विचारू नका. किती महिन्यांनी कुणीतरी त्याला कुस्ती मागितली होती! त्यानं खाली वाकून वाळू छातीला चोळली, दंड थोपटला आणि सलामीला हात पुढं केला. पत्रसला वाटलं, हा नाताळच्या शुभेच्छा देतोय. त्यानं हात हातात घेतला. "हॅप्पी क्रिसमस!"

मी "आकाराम, नको!" म्हणून ओरडेपर्यंत त्याचा ढाक डाव बसला होता. तालमीतली माती ताक, तेल, हळद घालून लोण्यागत केलेली असते. इथं बोटभर वाळूखाली नुसता प्रवाळाचा दगड. पत्रस खांद्यावर आपटला आणि हाड मोडल्याचा आवाज मला ढोलाच्या आवाजातसुद्धा ऐकू आला. आकाराम दोन्ही हात वर करून हसत उभा. पत्रस किंचाळायला लागला तेव्हा कुठं त्याचं हसू गेलं.

नाचणाऱ्यांतले चौघं-पाचजण आकारामवर तुटून पडले. लाथा, बुक्क्या, हातात येईल ते. आकारामनं दोन्ही हात पाठीमागं नेले, एकात एक घट्ट धरले आणि खाली बसला. तोंडातनं रक्त गळत होतं, एक दात वाळूत पडला. मनात आणलं असतं तर पाचांनाही त्यानं समुद्रात फेकलं असतं. माझ्या डोक्याची शप्पत होती ना!

"मार की रे! बघतोस काय? मार!" हे मी ओरडत होते. मीच.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग माझं टाळकं फिरलं. बाजूला होडीचं वल्हं पडलं होतं, ते उचललं आणि जी पाठ माझ्यापुढं वाकलेली दिसली तिच्या वरच्या डोक्यात घातलं. एकदा नाही, दोनदा. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? तो माणूस वळून खाली पडला. तो सिल्वेस्टर होता. पोरांना आवरायला, आकारामला वाचवायला मधे पडला होता. त्याचा पांढरा नवा शर्ट गळ्यापासून लाल झाला.

चौकीतला पोलीस आला तेव्हा वल्हं आकारामच्या हातात होतं. माझ्या हातातनं त्यानं कधी काढून घेतलं, मला कळलंसुद्धा नाही. "दोघांनाबी मीच मारलंय," तो म्हणाला. त्या झटापटीत कोण कुणाला मारतंय हे कुणी नीट पाहिलं नव्हतं आणि सिल्वेस्टर बेशुद्ध होता. पोलिसानं मला विचारलं, "मॅडम, हे खरं आहे का?" आकाराम सुजलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होता, गप बस म्हणून. मला माझी शाळा दिसली, नोकरी दिसली.

"हो," मी म्हणाले.

जामीन रद्द झाला. आकाराम पुन्हा कळंब्यात आहे. परवा भेटायला गेले तर त्यानं जाळीपलीकडनं एकच विचारलं, "सिल्वेस्टर बोलायला लागला का गं?" मी फोनच केला नव्हता. बोलायला लागला असेल तर तो काय सांगेल, याची मला भीती वाटते.

घरी आले तर शेजारच्या पूर्णिमाकाकू दारात उभ्या. "तू लै सोसलंस गं बाई. एवढं लांब घेऊन गेलीस, तरी हात उचलायचं सोडलं न्हाय त्यानं."

मी हो म्हणून मान हलवली आणि त्यांना चहाला आत बोलावलं.