तीस मीटरचं वर्तुळ

सुनंदा मंगळवारी गेली. त्याआधीच्या रविवारी सकाळी सारसोळ्याच्या खाडीत ती होडीवर एकटी असताना तिच्या छातीत दुखू लागलं. तिने शीड उतरवलं, नांगर टाकला, टॅबलेटवर नांगराभोवतीचं वर्तुळ आखलं आणि मग जेट्टीवरच्या काळूराम नाखव्यांना फोन केला. ओहोटी होती. त्यांची होडी निघण्याइतकं पाणी यायला तास गेला. पुढचे दोन दिवस इस्पितळात गेले.

तिची पिशवी घरी आली ती खाडीचा वास घेऊनच. खारा, किंचित कुजका, तिवरांच्या मुळांतून वर येणारा तो वास जुईनगरच्या आमच्या घरात पूर्वीही यायचा, पण सुनंदाच्या मागोमाग यायचा आणि तिच्या अंघोळीबरोबर जायचा. आता तो दिवाणखान्यातल्या खुर्चीवर येऊन बसला आणि पिशवी उघडण्याचं धैर्य मला होईना. बाहेर चैत्र होता, सोसायटीच्या आवारातला बहावा पिवळ्या झुंबरांनी लवला होता आणि येणारी-जाणारी माणसं जिन्यात चपला काढताना आवाज खाली आणत होती.

नोकरीची तीस वर्षं सुनंदाने या शहराचे नकाशे काढण्यात घालवली. मिठागरांवरून रस्ते ओढले, शेतांचे चौकोन करून त्यांना सेक्टरांचे आकडे दिले. आणि निवृत्त झाल्यावर, जणू त्या रेघांखाली दबलेलं काही शोधायला, ती उरलेल्या पाण्याकडे वळली. एक जुनी शिडाची होडी घेतली. आदल्या संध्याकाळी लॅपटॉपवर भरती-ओहोटी पाहून मार्ग आखायचा, तो टॅबलेटवर घ्यायचा आणि सकाळी निघायचं. मी त्याच खोलीत पुस्तक घेऊन बसलेला असे. “येणार का उद्या?” ती पडद्यावरची नजर न काढता विचारी. “एवढं प्रकरण संपवतो,” मी म्हणे. ती हसून म्हणे, “तुमची प्रकरणं खाडीपेक्षा लांब.” एकदा तिने मला तो नकाशा दाखवला होता. पाण्याचा तळ त्यात हातभर अंतरापर्यंत नोंदलेला होता, आणि जमीन म्हणजे नुसता पिवळा रंग. जुईनगर नाही, शिरवणे नाही, आमची इमारत नाही. तिने आयुष्यभर जे रेखलं ते सारं तिथे पिवळं आणि निनावी होतं. तिला याची फार गंमत वाटे.

चौदाव्या दिवशी दुपारी शेवटचे पाहुणे गेले आणि मी पिशवी उघडली. टॅबलेट बंद पडला होता, चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने तो कर्कश वाजू लागला. पडद्यावर लाल अक्षरं होती: नांगर सुटला आहे. मी टॅबलेट छातीशी धरून रिक्षाने जेट्टीवर गेलो. वाटभर तो वाजत होता आणि रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.

होडी जिथे होती तिथेच होती. नाखवा जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी पडदा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“होरी हितंच हाय, सर. त्या डब्याला काय ठाव? तो जिथं, तिथं त्याची होरी. घरी नेलात ना तुमी त्याला.”

मला उमजायला वेळ लागला. नांगरलेली होडी पाण्याबरोबर फिरते; तिने तीस मीटरपलीकडे सरकू नये म्हणून वर्तुळ आखायचं असतं. यंत्र मात्र स्वतःलाच होडी समजतं. माझ्या घरात, पिवळ्या रंगात उभं राहून ते आक्रोश करत होतं.

आवाज थांबवायला एक कळ होती: नांगर उचला. ती दाबली की वर्तुळ पुसलं जाणार होतं. सुनंदाने या जगात स्वतःच्या हाताने आखलेली ती शेवटची रेघ होती. मला ती कळ दाबता येईना. नाखव्यांनी मला होडीवर सोडलं. वर्तुळात शिरताच टॅबलेट गप्प झाला.

टॅबलेट मी होडीतच ठेवला आणि त्यानंतर रोज पॉवर बँक घेऊन जाऊ लागलो. भरतीला जायचं, ओहोटी लागली की पाणी पाय काढून घेई, होडी चिखलात कलंडून बसे आणि पुढचे कित्येक तास कुणाला येता येत नसे, मला जाता येत नसे. चिखल उन्हात शिशासारखा चमके. दूरवर रोहित पक्षी माना खाली घालून तो चाळत असत. कलत्या फळीला पाठ टेकून मी पुस्तक उघडे आणि वाचत नसे. ती इथेच तासभर थांबली होती, याच वासात, पाण्याची वाट पाहत. तो तास कसा गेला असेल, हे मला कुणी सांगू शकणार नव्हतं. घरी कोंडल्यासारखं होई म्हणून मी इथे येत होतो असं नव्हे. इथेही कोंडलेलाच होतो, फक्त या कोंडवाड्याची भिंत तिने आखलेली होती.

“मॅडम व्हत्या तवा एक दिस पाय ठेवला नाय होरीत,” नाखवा एकदा वल्हं मारता मारता म्हणाले. “आता काय उतरतच नाय तुमी.”  

वैशाख सरत आला तशा सगळ्या होड्या वर ओढल्या जाऊ लागल्या. “उधानाच्या आत घेऊ हिला. नांगर काढाया लागंल,” नाखवा म्हणाले. त्या सकाळी ते दोर ओढत होते आणि मी टॅबलेट मांडीवर घेऊन बसलो होतो. नांगर काळ्या चिखलाचा मोठा गोळा घेऊन वर आला. होडी सरकली, वर्तुळाची कड आली, गेली, आणि टॅबलेट वाजू लागला.

“बंद करा ना त्याला.”

“वाजू दे,” मी म्हणालो. “जेट्टीपर्यंत वाजू दे.”

जेट्टीला लागल्यावर मी कळ दाबली. वर्तुळ गेलं. त्याच्या जागी एक बारीक गुंता उरलेला दिसला. होडी नांगराभोवती फिरत राहिली, त्या फिरण्याच्या रेघा यंत्राने आपसूक काढल्या होत्या. त्यात तिचा एक तास होता आणि माझे इतके दिवस. मी पडदा मोठा करकरून पाहिला. सगळ्या रेघा एकाच रंगाच्या, एकमेकींवरून गेलेल्या. तिची कुठली, ते मला ओळखता आलं नाही.

होडी जेट्टीवर ताडपत्रीखाली आहे. टॅबलेट लॅपटॉपशेजारी असतो. मी तो रोज चार्ज करतो. त्यात ती लहानशी होडी पिवळ्या रंगात उभी असते.