अकलोलीची आई

"रिकामी कशी देऊ गं?" असं म्हणून ती वाटीत काहीतरी टाकायचीच. मी कालवण पाठवलेली वाटी धुऊन परत यायची ती चिमूटभर साखर घेऊन, नाहीतर दोन मिरच्या घेऊन. एकदा घरात काहीच नव्हतं, तर शांपूची पुडी घेऊन आली. मी दारातच हसून हसून बेजार. रिकामी वाटी परत करायची नाही, हे तुम्हीही पाळत असाल. पण हिने तो नियम वाटीपुरता ठेवला नाही, तिथे सगळा घोटाळा झाला.

भिवंडीत धामणकर नाक्यामागे आमच्या खोल्या भिंतीला भिंत लावून. तिचा नवरा लूम दुरुस्त करायचा. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. मूल होईना, तेव्हा दोघांनी रीतसर संस्थेतून मुलगी घरी आणली. सोनल. आली तेव्हा बसायला लागलेली, खाली दोन दात लुकलुकणारे. आणि वहिनीने तिची पाचवी पुजली! जन्मानंतर पाचव्या दिवशी पुजायची ती पाचवी. बाळाने सरळ पाटावरचा नैवेद्याचा भात उचलून तोंडात कोंबला. बायका हां हां करत धावल्या, तर वहिनी ठसक्यात म्हणते, "खाऊ दे. पोरगी दमून आलीय, देवीला कळतं."

संस्थेतल्या बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. दत्तक आहे हे मुलीला लहानपणापासून सांगा. आणि जन्म देणारीबद्दल काही माहिती नाही, तर माहिती नाही असंच सांगा. पहिली गोष्ट वहिनीने अगदी मनापासून पाळली. दुसरी तिच्याने होईना.

सोनल बोलायला लागल्यावर एकदा माझ्यादेखत विचारती झाली, "माझी पोटातली आई कशी होती?"

"उंच होती," वहिनी म्हणाली.

"मग?"

"दातात फट होती. हसली की गोड दिसायची."

"कुठं राहते?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उडवल्या. "अकलोलीला," ती बोलून गेली. "गरम पाण्याच्या कुंडाजवळ. नारळ विकते."

पोरगी खेळायला पळाल्यावर मी म्हटलं, "वहिनी, ही बाई काढलीस कुठून?"

"नवस फेडायला गेलेलो ना, तेव्हा एकीकडून नारळ घेतला होता. तिचं तोंड आठवलं. अगं, पोरगी हात पसरून उभी. तिला रिकामी कशी पाठवू?"

मग ती बाई वाढतच गेली. तिला गाता येऊ लागलं. तिला रताळी आवडू लागली. बाळाला सोडून जाताना तिने पुन्हापुन्हा मागे वळून पाहिलं. काय रंगवायची वहिनी! पदर सावरत स्वतःच दारापर्यंत जायची, वळायची, ओठ चावायची. लाइट गेली की आम्ही शेजारणी जमायचो आणि मी फर्माईश करायचे, "ते वळून बघते ते सांग!" सोनल माझ्या मांडीवर बसून श्वास रोखून ऐकायची.

सोनल मोठी झाली. तोवर तिचे वडील गेले होते. ती जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात कामाला लागली. एका सुट्टीला मैत्रिणींबरोबर अकलोलीला गेली. परत आली ती चपला न काढता दारातच उभी राहिली. मी तिथेच लसूण सोलत होते.

"आई, ती भेटली. उंच आहे. दातात फट आहे. नारळ विकते."

वहिनी भाकरी थापत होती. हात परातीतच राहिले. "सोनू, ती नाय गं. मी रचलेलं सगळं. तुला बरं वाटावं म्हणून."

"रचलेलं? मग ती तिथे खरीच कशी बसलीय?"

"मी तिला बघितली होती, म्हणून..."

"म्हणजे माहीत होतं तुला. एवढी वर्षं." पोरीचा आवाज चढलासुद्धा नाही. "मी तिच्याकडे जाईन म्हणून घाबरलीस ना?"

मी शपथेवर सांगितलं. "मावशी, तुम्ही तिच्याच बाजूच्या," म्हणाली. संस्थेतून माहिती नाही असं उत्तर आलं, तर ते नियमाने लपवतातच म्हणाली. रक्त तपासून घे म्हटलं, तर उसळली. "त्या बिचारीला अजून लाजवू काय?"

शेवटी आम्ही दोघी अकलोलीला गेलो. वहिनीने त्या बाईपुढे हात जोडले. "तुम्ही तरी सांगा तिला."

"सांगितला ना बाय," ती म्हणाली. "मना तीन पोरगे हायत, पोरगी न्हाय. ती आयकत न्हाय. म्हणते, तुम्हाला कबूल करायची लाज वाटते, मला समजतं. मी काय करू? येते, पाय दाबते, गोळ्या आणते. माझ्या पोरांनी कधी पाय दाबला न्हाय. आता मी 'न्हाय' बोलनार न्हाय."

येताना जीपमध्ये वहिनी एकदाच म्हणाली, "गाते पण ती. ऐकलंस?"

सोनलचं लग्न झालं. भिवंडीला येणं तिने तोडलं. पण दर रविवारी मुलाला घेऊन अकलोलीला जाते, हे वहिनीला कळलं. आणि एक दिवस वहिनीने खोली भाड्याने दिली, भांडी गोणीत भरली नि निघाली. आता माझ्या भिंतीपलीकडे एक कुटुंब राहतं, भली माणसं आहेत. त्यांच्याशी माझं काही बोलणं होत नाही.

मागच्या महिन्यात मी अकलोलीला गेले. त्या बाईच्या शेजारीच, एक पाटभर जागा सोडून, वहिनीने नारळ मांडलेत. सोनल आली, पोरगा कडेवर. आधी वहिनीपाशी थांबून नारळ घेतला.

"बरी आहेस ना?" सोनलने विचारलं.

"बरी आहे."

वहिनीने पोराच्या गालाला हात लावला. सोनलने लावू दिला. मग पुढे होऊन पोराला त्या बाईच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "जा, आजीकडे जा."

वहिनी तोवर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. "या ताई," ती म्हणत होती, "ओटी हवी, की नुसता नारळ?"